एदिमारचा डावा हात

“उद्या तुझा भाऊ खेळणार नाही,” एदिमारनं मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सांगितलं म्हणजे तो त्याच्या पोर्तुगीजमध्ये बोलला आणि त्याचे दुभाषी म्हणून गोव्याहून आलेल्या आग्नेलमास्तरांनी ते मराठीत केलं. पुढ्यात काळ्या घेवड्याची उसळ आणि भात होता. चार महिने कोल्हापुरात राहून त्या माणसाला आमचा रस्सा सोसला नव्हता, पण घेवडा वाढला की पोट भरून जेवायचा. त्याच्या ब्राझीलमध्ये म्हणे घरोघरी रोज हेच शिजतं.

मी भाकरी थापायची थांबले. “मास्तर, नीट विचारून घ्या. पहिला हाफ खेळणार नाही, का सगळी मॅच?”

मास्तरांनी विचारलं. एदिमारनं चमचा खाली ठेवला आणि उजव्या हाताचं बोट दोनदा आडवं हलवलं. सगळी मॅच. बाकावर बसेल, साध्या कपड्यांत.

मला रडूच आलं. मी काही रडकी बाई नाही. माझी खानावळ आहे, रोज पन्नास पुरुषमाणसांशी तोंड वाजवून दिवस काढलेत. पण तीन आठवडे जीव टांगणीला लागला होता, तो खाली आला. मी पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी उसळ वाढली.

इंद्रजित माझा धाकटा भाऊ. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तो चौथीत होता, आणि तेव्हापासून त्याचं दुखणंखुपणं माझ्याकडंच. आमच्या पेठेतल्या बुरुज तालमीच्या फुटबॉल टीमचा तो पुढचा खेळाडू, सात नंबरचा. सेमीफायनलला त्याचा डावा गुडघा पिरगळला. डॉक्टर मुल्लांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. आतली शीर अर्धी तुटलीय म्हणाले. पावसाळाभर चेंडूला पाय लावला नाही तर जुळून येईल, पोरगा पुन्हा पळेल. त्याआधी एकदा जरी जोर पडला तर चालण्यापुरता पाय उरेल, खेळाचं नाव काढायचं नाही. आणि ऑक्टोबरात त्याला मडगावच्या एका क्लबात बोलावणं होतं. ते आग्नेलमास्तरांनी जमवलेलं. आमच्या पेठेत पोरं जन्मतात ती बॉल लाथाडतच, पण पेठेबाहेरच्या मोठ्या क्लबात पोचलेला तोवर एक नव्हता.

पण फायनल दुसऱ्या दिवशी होती आणि ती नागझरी तालमीशी होती. कोल्हापुरात राहिलेल्याला मी काय सांगू? आमच्याकडं लग्न जुळवताना आधी विचारतात, पोरगं कुठल्या तालमीचं. नागझरीकडून सलग तीन वर्षं आम्ही फायनल हरलो होतो. त्यांनी आमच्या चौकात केळी वाटली होती, सुतकात वाटतात तशी. म्हणून तर आमच्या अध्यक्षांनी, वसंतअण्णा इंगवल्यांनी, गोव्यात गाठून एदिमारला आणला होता.

एदिमार जगाला माहीत होता तो एका फोटोमुळं. फार मोठ्या मॅचमध्ये त्याचा डावा खांदा मोडला, डॉक्टरनं हात छातीशी बांधून टाकला, आणि हा गडी तसाच परत मैदानात येऊन डोक्यानं गोल करून गेला. हात छातीला आवळलेला, मान वर, तोंड उघडं, असा तो फोटो. आमच्या पेठेत तो सलूनमध्ये होता, पानपट्टीवर होता, प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपच्या काचेवर होता. तालमीच्या भिंतीवर तर दोन मजली रंगवला होता. इंद्रजितनं लहानपणी तो वर्तमानपत्रातून कापून देवघराच्या फळीवर डकवला होता. मी काढून टाकला तेव्हा दोन दिवस जेवला नाही.

तर असा माणूस आमच्या गावात कोच म्हणून आला. आला त्या दिवशी उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर सत्कारच सत्कार. मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन एदिमारच्या हस्ते, शिवजयंतीच्या मिरवणुकीला एदिमार, शाळेच्या बक्षीस समारंभाला एदिमार. चार महिन्यांत त्याच्या डोक्याला जेवढे फेटे बांधले तेवढे आमच्या आमदाराला जन्मात बांधले नसतील. सराव घ्यायला त्याला वेळ मिळायचा तो सकाळी, माणसं उठायच्या आत. त्याला त्याचा कंटाळा यायचा असं म्हणतील लोक. मला तसं कधी दिसलं नाही. दाराशी चार माणसं जमल्याचा आवाज आला की जेवता जेवता तो उठायचा, माझ्या भिंतीवरच्या आरशात केस बघायचा आणि मग बाहेर जायचा.

पण माझ्या स्वयंपाकघरात तो निराळा माणूस असायचा. तिथं कुणी बघणारं नव्हतं. त्याचा डावा हात छातीच्या वर जात नाही, हे पेठेत फक्त मला आणि मास्तरांना ठाऊक होतं. सदरा मास्तर घालून द्यायचे. त्या दिवशी जेवताना मी सरळ विचारलं, की बाबा, तू स्वतः मोडक्या हातानं खेळलास, साऱ्या जगानं तुला डोक्यावर घेतलं, मग माझ्या भावाला का अडवतोस? मला खात्री करून घ्यायची होती.

त्यानं ताटातला भात एका बाजूला सारला. मग बोलला, आणि मास्तर थांबत थांबत सांगत गेले. “म्हणतोय, त्या गोलनंतर दोन वर्षांत माझं फुटबॉल संपलं. सव्वीस वर्षांचा होतो. लेक झाली तेव्हा तिला दोन हातांनी उचलता आलं नाही. डॉक्टर नको म्हणत होता. माझा कोच म्हणाला, जा. त्या कोचचं तोंड मी परत बघितलं नाही, तो मेला तेव्हासुद्धा गेलो नाही.” मास्तर थांबले, कारण एदिमार माझ्याकडं बघून सावकाश पुढं बोलत होता. “म्हणतोय, तुझ्या भावाचा मी तसला कोच होणार नाही.”

आणि मग त्याला येत असलेला एकुलता एक मराठी शब्द तो बोलला. “आक्का.”

या बोलण्यावर मी विश्वास टाकला. कुणीही टाकला असता.

आता आमच्या तालमीची रीत सांगायला पाहिजे. फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी तालमीतल्या मारुतीपुढं ताटात अकरा जर्स्या ठेवतात. वस्ताद एकेकाला नावानं हाक मारतो आणि हातात जर्सी देतो. एकदा मारुतीपुढं हातात पडली की तो खेळणारच. मग त्याला ताप असो, घरात मयत झालेली असो. माझ्या लहानपणी एकजण बापाला जाळून थेट मैदानात आला होता, आणि पेठेत आजही त्याचं नाव कौतुकानं घेतात. त्या वर्षी जर्सी द्यायचा मान वस्तादांनी आपणहून एदिमारला दिला. एवढा मोठा माणूस गावात असताना आपण कशाला, म्हणाले.

तालमीत बायका पाऊल टाकत नाहीत. मी प्रसादाचे गूळ-शेंगदाणे घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते. आत हलगी वाजत होती, माणसं खिडक्यांना लोंबकळली होती. एदिमारच्या डोक्याला भगवा फेटा होता. एकेक पोरगं पुढं जाऊन मारुतीला आणि मग त्याला वाकून नमस्कार करत होतं. इंद्रजित मागं, मुद्गलांच्या रांगेपाशी, भिंतीला टेकून उभा होता. पायात चपला, गुडघ्याला पट्टा. त्याच्या जागी धाकट्या माळ्याच्या पोराला नवीन सोळा नंबरची जर्सी मिळाली आणि अकरा पुरे झाले.

पण ताटात एक जर्सी उरली होती. ती सात नंबरची. ती तिथं कुणी ठेवली असेल हे मला विचारू नका, अण्णा इंगवले ताटाशेजारीच बसले होते.

एदिमारनं ती उचलली. उलटीसुलटी करून नंबर बघितला. मग मागं बघून त्यानं इंद्रजितला बोटानं जवळ बोलावलं. पोरगं लंगडत पुढं आलं. एदिमारनं जर्सी त्याच्या दोन्ही हातांत ठेवली, एका हातानं त्याची मान जवळ ओढली आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

हलगीवाल्यानं असा कडका काढला की खिडक्या हादरल्या. आतली माणसं ओरडत सुटली. मी उंबऱ्यातून हाका मारल्या, मास्तरांना, अण्णांना, इंद्याला. त्या गोंगाटात माझी हाक कुणाच्या कानावर जाणार? एदिमार सगळ्यांकडं बघून हसत होता. त्याला वाटत होतं आपण एका जायबंदी पोराचं मन राखलं, त्याचं माणसांना कौतुक वाटतंय. मास्तर गोव्याचे, तालमीतली रीत त्यांना तरी काय ठाऊक! तेही हसत होते.

अण्णा बाहेर आले तेव्हा मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, अण्णा, त्याला रीत ठाऊक नाही, जर्सी परत घ्यायला सांगा.

अण्णांनी माझ्याच हातातल्या ताटातले चार शेंगदाणे तोंडात टाकले. “शैला, मारुतीनं दिलेलं मी परत घेऊ? उद्या हरलो म्हणजे पेठ कुणाच्या दारात येईल, माझ्या का तुझ्या? खानावळ चालवायची हाय न्हवं तुला इथं?”

एवढं गोड बोलून ते गेले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की ताट त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. घातलं असतं तर बरं झालं असतं.

घरी इंद्रजितनं जर्सी खुंटीला अडकवली होती आणि तिच्यासमोर कॉटवर बसला होता. मी बोलायला सुरुवात केली, तर त्यानं मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाला, आक्का, तुला काय वाटतं, मला गुडघा नकोय? मला मडगाव नकोय? पण ती जर्सी मला वस्तादानं दिली असती तर एखादवेळ परत केली असती. ही एदिमारनं दिलीय. जगात किती पोरांना त्याच्या हातनं मिळाली असेल? मी म्हटलं, अरे, तो तुला खेळवणारच नाही, मला सांगितलंय त्यानं. तेव्हा इंद्रजितचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, चेहरा पडू दे, पाय राहू दे.

दिवेलागणीच्या आत मी एदिमार उतरला होता त्या लॉजवर गेले. मास्तरांना जर्सीची रीत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एदिमारला समजावून सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. पलंगावरून उठून माझ्यासमोर आला आणि माझा हात हातात घेतला. मास्तर म्हणाले, “सांगतोय, देव तुमचा, टीम माझी. जर्सी घालून बसेल, पण उठणार नाही. मी त्याच्या आणि मैदानाच्या मधे बसतो.”

मी निर्धास्त होऊन घरी परत आले. एवढा मोठा माणूस, त्याच्यापुढं वसंत इंगवले कोण लागून गेला?

मॅचला मी बाकाच्या अगदी मागं बसले होते, मध्ये फक्त लोखंडी कठडा. एदिमारच्या दहीभाताचा डबा माझ्याकडं होता म्हणून कुणी अडवलं नाही. एदिमार म्हणाल्याप्रमाणंच बसला होता. एका बाजूला इंद्रजित, दुसऱ्या बाजूला मास्तर, आणि इंद्रजितच्या मांडीवर त्याचा उजवा हात. पहिला हाफ कोराच गेला. नागझरीवाल्यांनी आमच्या गोलवर धाडीवर धाडी घातल्या. माळ्याच्या पोरानं एक सोपा चेंडू बाहेर घालवला तेव्हा आमच्याच माणसांनी त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. त्याची आई माझ्यापासून चार हातांवर बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

दुसरा हाफ निम्मा सरला आणि आमच्या बाजूनं ओरडणं सुरू झालं. आधी “सात नंबर, सात नंबर.” एदिमार ढिम्म. मग कुणीतरी काडी लावली आणि नाव बदललं. “एदिमार! एदिमार!” हजारो माणसं एका तालात. तो मान खाली घालून बसला, पण त्याचा पाय ताल धरायला लागला होता, ते मला मागून दिसत होतं.

मग ते झालं. अण्णांनी सकाळपासून वाटलेले तांबडे पंचे प्रत्येकाच्या गळ्यात होते. एका टोकाला काही पोरांनी ते काढून आपला डावा हात छातीशी बांधला. शेजारच्यांनी बघितलं, त्यांनीही बांधला. बघता बघता सगळी बाजू उभी राहिली. म्हातारे होते, कडेवरची पोरं होती, पोलीस भरतीची तयारी करणारे बाप्ये होते. सगळ्यांचे डावे हात छातीला आवळलेले, माना वर, तोंडं उघडी. आणि आता कुणी ओरडत नव्हतं. गप उभे राहून सगळे त्याच्याकडं बघत होते.

एदिमारनं मान वर केली. मी त्याचा चेहरा बाजूनं बघितला. त्याचे डोळे भरून आले होते. मला आधी वाटलं, त्याला वाईट वाटतंय, त्याला त्या मोडक्या खांद्याची ही नक्कल सोसत नाहीये. मी म्हटलंसुद्धा, मास्तर, त्याला पाणी द्या.

तो उठला. इंद्रजितच्या मांडीवरचा हात त्यानं काढून घेतला. दोन पावलं पुढं जाऊन त्या गर्दीसमोर उभा राहिला, आणि सावकाश आपला डावा हात दुमडून छातीशी धरला. मग जो आवाज उठला तो रंकाळ्यापर्यंत गेला असेल.

आता कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं?

तो वळला आणि इंद्रजितला काही बोलला. मास्तरांनी ते मराठीत केलंच नाही. तो पुन्हा तेच बोलला, मोठ्यानं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मग इंद्रजितकडं. “म्हणतोय,” मास्तर म्हणाले, “त्या दिवशी मी बसून राहिलो असतो तर आज मला कुणी ओळखलं असतं?”

एवढंच. आदल्या दिवशी माझ्या घरात घेवडा खाताना बोलला ते सगळं या एवढ्यानं पुसून टाकलं. आणि खोटं कुठलं म्हणायचं? दोन्ही खरं होतं.

इंद्रजित गुडघ्याचा पट्टा आवळायला लागला. मी कठड्यावरून हात घालून त्याची जर्सी पाठीमागून धरली. घट्ट धरली. म्हटलं, इंद्या, बस खाली. त्यानं मागं वळून बघितलं. एवढा देखणा तो मला कधी दिसला नव्हता.

“आक्का, सोड. माणसं बघायला लागल्यात.”

मी एदिमारकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मास्तरांनी माझा हात सोडवला, आणि सोडवताना ते रडत होते.

खेळला इंद्रजित. बरा खेळला. पहिली पाच-दहा मिनिटं तो पाय जपत होता. नागझरीवाल्यांना कळलं होतं कुठं मारायचं ते, दोनदा त्यांनी त्याला तिथंच हाणलं. तो उठला. शेवटी कोपऱ्यातून चेंडू आला तेव्हा त्यानं उजव्या पायानं उडी घेतली, डोकं लावलं, चेंडू जाळ्यात. आणि तो खाली उतरला तो डाव्या पायावर.

तो किंचाळला, पण गोल झाल्यावर सगळेच किंचाळतात. आमच्याकडं गोल करणाऱ्याच्या अंगावर सगळी टीम पडते. तशी पडली. पहिला पडला, दुसरा पडला, माळ्याचं पोरगं सगळ्यांत वर. कठड्यावरून उड्या टाकून आत शिरलेली पेठेतली पोरं त्यांच्यावर पडली. खाली माझा भाऊ होता. त्या ढिगाऱ्यातून त्याचा एक हात बाहेर आला होता आणि जमिनीवर आपटत होता, कुस्तीत हार मानताना आपटतात तसा. लोकांना वाटलं आनंदानं आपटतोय.

आम्ही जिंकलो.

मी आणि मास्तरांनी त्याला रिक्षात घातला. दवाखान्याची वाट एकच, आणि तीच मिरवणुकीची. रिक्षा मिरवणुकीत अडकली ती अडकलीच. पुढं हलग्या, पुढं झांजा, आणि सगळ्यांच्या खांद्यावर एदिमार. त्याचा फेटा सुटला होता, तोंड गुलालानं माखलं होतं. इंद्रजितचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि तो माझ्या मांडीवर दात खात होता. मी डोकं बाहेर काढून वाट मागत होते. एका ओळखीच्या पोरानं मला बघितलं, आत इंद्रजितला बघितलं. तो आनंदानं वेडा झाला. “अरं सात नंबर हितं हाय!” म्हणत त्यानं ओंजळभर गुलाल रिक्षात उधळला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. आम्हाला श्वास घेता येईना. त्या धुरळ्यात इंद्रजित मला म्हणाला, आक्का, पडदा वर कर, मला एदिमार दिसत न्हाई. मी पडदा वर केला.

एदिमारला आम्ही दिसलो. माणसांपेक्षा चार हात वर होता, दिसणारच. त्यानं आमच्याकडं बघून उजवा हात हलवला, आणि गर्दीनं त्याला पुढं नेलं.

दवाखान्यात तो आला दोन दिवसांनी. फोटोवाले बरोबर होते, अण्णा होते, शाल होती, नारळ होता. पलंगावर पडलेल्या पोराचा सत्कार मी पहिल्यांदाच बघितला. फोटो झाल्यावर तो माझ्याकडं वळला आणि “आक्का” म्हणाला. मी म्हटलं, मास्तर, याला सांगा, माझ्या दारात याचं पाऊल दिसता कामा नये. मास्तरांनी सांगितलं का नाही ठाऊक नाही, पण तो आला नाही. आठ दिवसांनी गेला. त्या फायनलच्या बातम्या गोव्यात छापून आल्या, मग कुठं कुठं आल्या, आणि त्याला मोठ्या ठिकाणी बोलावणी सुरू झाली. आता तर एका देशाच्या टीमचा कोच आहे.

इंद्रजितचं दोनदा ऑपरेशन झालं. पाय वाकत नाही. मडगावला कुणी गेलं नाही. तालमीच्या कोपऱ्यावर त्याचं मोबाईलचं दुकान आहे, दिवसभर उंच स्टुलावर बसतो, पाय पुढं ताठ. पहिली दोन वर्षं माणसं यायची, मग नवा सात नंबर आला. नवी पोरं त्याला लंगडा इंदा म्हणायची, त्याच्या तोंडावर. मी एकाच्या थोबाडीत दिली होती तेव्हा इंद्रजित माझ्यावरच चिडला.

गेल्या दिवाळीत तालमीची पोरं पळत दुकानात आली. मी तिथं फराळाचा डबा द्यायला गेले होते. एदिमारची परदेशातली मुलाखत मोबाईलवर आली होती, खाली कुणीतरी मराठी अक्षरं घातलेली. केस पांढरे झालेत, बाकी तसाच दिसतो. मुलाखतवाली त्याला विचारते, तुम्ही बघितलेला सगळ्यांत धाडसी खेळाडू कोण? तो जरा थांबतो. मग सांगतो की भारतात एका लहान गावात एक पोरगा होता. त्याचा गुडघा गेलेला. मी त्याला हात धरून बसवला होता. नको जाऊ म्हटलं, तुझी बहीण मला शाप देईल म्हटलं. तो पोरगा माझा हात झटकून उठला आणि म्हणाला, कोच, तुम्ही एका हातानं गेला होता, मला अजून एक पाय आहे. मी रडलो, पण त्याला अडवू शकलो नाही. असं सांगून त्यानं डोळे पुसले, आणि मुलाखतवालीनंही पुसले.

माझं डोकं फिरलं. दुकानात पंधरा-वीस पोरं होती. मग एकजण पुढं आला आणि इंद्रजितच्या ताठ पायाला हात लावून नमस्कार केला. हाच मागं त्याला लंगडा म्हणायचा. दुसरा म्हणाला, इंदादा, ह्ये कधी बोलला न्हाईस तू आम्हाला. इंद्रजित अंगठ्यानं मोबाईलची काच पुसत राहिला.

मग त्या पोरानं मला विचारलं. “शैलाक्का, तुमी तर बाकाच्या मागंच बसला व्हता न्हवं? असंच म्हणाला व्हता का ह्यो?”

आग्नेलमास्तर वारले त्याला बरीच वर्षं झाली. अण्णाही गेले. त्या बाकावर काय बोललं गेलं ते ऐकलेली तीनच माणसं आता जगात होती, त्यातला एक मोबाईलमध्ये डोळे पुसत होता आणि दुसरा माझ्याकडं बघत नव्हता.

“असंच म्हणालो व्हतो,” इंद्रजित मान खाली घालूनच म्हणाला. “आक्काला इचारा की.”

सगळी पोरं माझ्याकडं वळली. मला त्या मोबाईलच्या ठिकऱ्या कराव्याशा वाटल्या. ओरडून सांगावंसं वाटलं की पोरांनो, या माणसानं त्याला आत ढकलला, मी ऐकलंय, या हातानं त्याची जर्सी धरली होती. तेवढ्यात इंद्रजितनं मान वर केली. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

“व्हय,” मी म्हटलं. “असंच म्हणाला.”

पोरांनी एकच गलका केला आणि त्याला स्टुलावरून उचलून खांद्यावर घेतलं. दुकानाचं दार अरुंद आहे. त्याचा ताठ पाय चौकटीला आपटू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्याबरोबर बाहेर आले.